जुना गेम अँड वॉच सापडलाय? उघडण्याआधी या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई आटोपली की मला फोन यायला लागतात. माळ्यावरच्या ट्रंकेत नाहीतर कॅसेटच्या खोक्यात एक चपटा, हाताच्या पंजात मावणारा गेम सापडलेला असतो. मामांनी मस्कतहून आणलेला, किंवा बोटीवर नोकरीला असलेल्या काकांनी जपानहून. "सेल घातले, पण चालू होत नाही. काय करू?" असे फोन मला मनापासून आवडतात. त्रास एकाच गोष्टीचा होतो. फोन येतो तोवर बऱ्याचदा त्या गेमवर स्क्रू ड्रायव्हर, फेविक्विक आणि हीट गन हे सगळं चालवून झालेलं असतं.

म्हणून आधी आत काय आहे ते सांगतो. जपानच्या निंटेंडो कंपनीतल्या गुनपेई योकोई यांनी कॅल्क्युलेटरमुळे स्वस्त झालेला एलसीडी पडदा आणि तसलीच चिप घेऊन हा गेम अँड वॉच रचला. १९८० साली 'बॉल' हा पहिला गेम आला आणि १९९१ पर्यंत ही मालिका चालली. सगळी चित्रं काचेवर आधीच कोरलेली असतात. चिप फक्त कुठलं चित्र दाखवायचं आणि कुठलं लपवायचं ते ठरवते. चिप, काच, रबरी पट्ट्या, बटणं, बझर आणि सेलच्या पत्र्या, बस्स. माझ्याकडे आलेल्या गेममध्ये चिप क्वचितच गेलेली असते. दोष बहुतेक वेळा सेलच्या कप्प्यात निघतो, आणि लोक तो पडद्यात शोधत बसतात.

सेल "बसतोय ना" म्हणून घालणे

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो, आणि थोडी सबुरी ठेवली तर ती अजिबात होणार नाही. 'ऑक्टोपस', 'पॅराशूट' यांसारख्या एका पडद्याच्या गेममध्ये एलआर४३ लागतो. दोन पडद्यांच्या घडीच्या गेममध्ये एलआर४४. दोन्हींचा व्यास सारखाच, ११.६ मिलिमीटर. जाडी मात्र वेगळी: ४३ ची ४.२ आणि ४४ ची ५.४. दुकानात ४४ कुठेही मिळतो, ४३ मागावा लागतो. मग दुकानदार "हाच चालतो" म्हणतो आणि गिऱ्हाईक घेतं. घरी आल्यावर झाकण लागत नाही, म्हणून अंगठ्याने दाबलं जातं. त्या दाबाने खालची पत्री वाकते आणि झाकणाची इवलीशी खुंटी तुटते. पुढे योग्य सेल आणला तरी पत्री त्याला टेकत नाही आणि गेम "मेला" असं जाहीर होतं.

अशी वाकलेली पत्री मी लाकडी टूथपिकने हळूहळू वर उचलतो. लोखंडी पक्कड लावत नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा तो पातळ धातू एकदा वाकलेला असतो, दुसऱ्यांदा उलटा वाकवला तर तुटू शकतो.

दुसरा प्रकार कानाच्या मशीनच्या सेलचा. ६७५ नंबरचा सेल मापाला जवळपास एलआर४४ सारखाच दिसतो आणि मेडिकलमध्ये सहज मिळतो. पण तो हवेवर चालतो. चिकटपट्टी काढली की त्याचं आयुष्य सुरू होतं, गेम खेळा की खेळू नका. काही आठवड्यांत तो वाळून जातो आणि लोक म्हणतात, गेम सेल खातो.

मी सिल्व्हर ऑक्साइडचे सेल वापरतो, एसआर४३ आणि एसआर४४. महाग पडतात, पण व्होल्टेज शेवटपर्यंत स्थिर राहतं, त्यामुळे पडदा हळूहळू फिका पडत जात नाही. आणि गेम कपाटात जाणार असेल तर सेल बाहेर. यावर मी वाद घालत नाही. कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसते ना, ती गळलेल्या अल्कलाइन सेलची. ती नखाने खरवडू नका. इअरबड पांढऱ्या व्हिनेगरमध्ये जरासा ओला करून पुसा, मग दुसरा इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, आणि पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे रात्रभर. हेअर ड्रायरने नाही.

सेल बदलल्यावर एसीएल (म्हणजे रीसेट) लिहिलेलं खोलगट बटण दाबायला विसरू नका. निम्मे "बंद" गेम तेवढ्यानेच जागे होतात. तेही टूथपिकने दाबा, सुईने नाही.

मोबाइलसारखं उघडणे

यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण याचं नुकसान भरून निघत नाही.

ठाण्याचे एक गृहस्थ 'डोन्की काँग' घेऊन आले. १९८२ चा, नारिंगी, पुस्तकासारखा उघडणारा. आज जो अधिक-चिन्हाच्या आकाराचा कंट्रोल सगळ्या गेमपॅडवर असतो, तो निंटेंडोने पहिल्यांदा याच गेमवर दिला. म्हणजे वस्तू म्हणून त्याचं मोल वेगळंच. गेम चालू होत नव्हता, म्हणून ते आधी घराजवळच्या मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात गेले होते. तिथल्या मुलाने मल्टिमीटर लावला नाही, सेलचा कप्पा पाहिला नाही. पडदा कोरा म्हणजे डिस्प्ले गेला, असं त्याने ठरवलं आणि मोबाइलची काच उचलतात तशी हीट गन लावून खालच्या पडद्याची काच सोडवायला घेतली.

माझ्या हातात गेम आला तेव्हा खालच्या काचेवर मध्यभागी शाईसारखा काळा डाग पसरला होता आणि त्याभोवती पोलरायझर फिल्मला, म्हणजे चित्रं दिसावीत म्हणून काचेवर लावलेल्या पातळ पापुद्र्याला, बुडबुडे आले होते. मी मागचं झाकण काढलं. ऋण टोकाच्या पत्रीवर हिरवट थर होता, नखाएवढा. व्हिनेगर, अल्कोहोल, रात्रभर वाळवण. सकाळी नवे सेल घातले, एसीएल दाबलं आणि गेम ए (सोपी पातळी) सुरू केला. बझरचा आवाज आला. उडी मारायचं बटण दाबलं की टिक वाजत होतं. वरच्या पडद्यावर गोरिला आणि त्याने पळवलेली मुलगी स्पष्ट दिसत होती. खाली, जिथे मारिओ पळतो तिथे, फक्त काळा डाग. गृहस्थ बराच वेळ बटणं दाबून तो आवाज ऐकत राहिले. त्यांना काय सांगावं ते मला सुचेना. दुसऱ्या बंद गेममधून काच काढून बसवणं एवढाच मार्ग उरला होता.

एलसीडी म्हणजे दोन काचांमध्ये कोंडलेला द्रव. उष्णतेने तो बिघडतो, आणि काचेच्या कडेचं सील सुटलं तर त्याला औषध नाही. या गेमच्या पडद्यावर हीट गन, हॉट प्लेट, ब्लोअर काहीही नको.

मग अर्धवट पडदा कसा तपासायचा? पडद्याच्या कडेला बोटाने अलगद दाब द्या. गायब आकडा किंवा चित्र क्षणभर दिसलं, तर काच ठीक आहे. काच आणि सर्किटमधल्या रबरी पट्टीचा संपर्क सुटलाय. पट्टी काढून अल्कोहोलने पुसा, होती तशीच परत बसवा. स्क्रू आवळताना समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच कोपरा पूर्ण आवळला की काच तडकते. स्क्रू जपानी धाटणीचे असतात, म्हणून मी जेआयएस (जपानी मापाच्या) टोकाचा ड्रायव्हर वापरतो. साध्या फिलिप्सने डोकी झिजतात.

घडीच्या गेममध्ये बिजागरीतून एक पातळ फीत वरच्या पडद्याकडे जाते. दोन्ही भाग झटक्यात वेगळे ओढू नका. आणि त्या फितीला सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, प्लॅस्टिक आहे ते.

पडदा पिवळा किंवा तेलकट दिसत असेल तर पोलरायझर फिल्म बदलता येते. पण आधी चिकटवून मग बघणारे फार. गेम चालू ठेवा, नवी फिल्म काचेवर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात चित्रं ठसठशीत काळी दिसतील, दुसऱ्या कोनात सगळं उलटं होईल. हवा तो कोन पेन्सिलीने खूण करून ठेवा, मगच चिकट बाजू उघडा. जुनी फिल्म नुसती जराशी पिवळी असेल तर मी तिला हातच लावत नाही.

काही छोट्या गोष्टी

समोरची धातूची पट्टी चमकवायला टूथपेस्ट लावू नका, छपाई निघते.

गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा.

नुसतं खेळायचंच असेल तर जुना गेम घासून संपवू नका. निंटेंडोने 'गेम अँड वॉच गॅलरी' या नावाने गेम बॉयवर हे खेळ पुन्हा आणले होते, आणि संगणकावर जुने खेळ चालवणाऱ्या मेम या एम्युलेटरवरही ते उत्तम चालतात.

'बॉल' विकत घेताना

'बॉल' २०१० मध्ये क्लब निंटेंडो या कंपनीच्या ग्राहक-योजनेच्या सदस्यांसाठी पुन्हा काढला गेला. दिसायला हुबेहूब. तो १९८० चा म्हणून विकणारे भेटतात. उलटून पाहा: नव्याच्या पाठीवर क्लब निंटेंडोचं चिन्ह आहे आणि आवाज बंद करण्याची सोय आहे. विक्रेता पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर व्यवहार सोडा.

नव्या गेमवर बॅकअप न घेता प्रयोग करणे

नोव्हेंबर २०२० मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये 'झेल्डा' असे दोन नवे गेम अँड वॉच आले, दोन्ही आपापल्या मालिकेच्या ३५ व्या वाढदिवसानिमित्त. रंगीत पडदा, यूएसबी-सी चार्जिंग. आत काचेवर कोरलेली चित्रं नाहीत, एसटीएम३२ जातीचा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा संगणक, आहे. बाजारात येताच लोकांनी त्याचं सॉफ्टवेअरचं कुलूप उघडलं, आणि आज त्यावर रेट्रो-गो हे सॉफ्टवेअर टाकून इतर जुन्या कन्सोलचे खेळ चालवता येतात.

मला हा प्रकार वाईट वाटत नाही. राग येतो तो "दहा मिनिटांत करा" छापाच्या व्हिडिओंचा आणि ते दुप्पट वेगाने बघून सुरुवात करणाऱ्यांचा. कुलूप उघडताना मायक्रोकंट्रोलरची अंतर्गत मेमरी पुसली जाते. हा अपघात नाही, संरक्षणाची रचनाच तशी आहे. त्याच्या बाहेर असलेल्या फ्लॅश (साठवणीच्या) चिपमधली माहितीही एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात, असते, त्यामुळे एकाच भागाचा बॅकअप कामाचा नाही. दोन्ही हवेत, आणि कुलूप उघडण्याआधी हवेत.

पुण्यातल्या एका इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्याने ही पायरी "नंतर बघू" म्हणून सोडली. खेळ भरपूर आले, पण घड्याळ गेलं. ज्या घड्याळात वेळेप्रमाणे आकाश बदलतं आणि मारिओ आकड्यांच्या विटांवर धावतो, ते मूळ फर्मवेअरचाच (यंत्रात आधीपासून असलेल्या सॉफ्टवेअरचाच) भाग आहे. मग तो इतरांकडे त्यांचा बॅकअप मागत फिरला. मी दिला नाही आणि देणार नाही. ते सॉफ्टवेअर निंटेंडोचं आहे, आणि स्वतःच्या यंत्राचा बॅकअप घ्यायला फार तर एक संध्याकाळ लागते.

माझी पद्धत अशी: आधी बॅटरी पूर्ण चार्ज. मग एसटी-लिंकच्या (चिप संगणकाला जोडणाऱ्या यंत्राच्या) तारा पक्क्या सोल्डर करायच्या, हाताने टेकवून धरायच्या नाहीत, कारण मधेच तार हलली की लिहिणं अर्धवट राहतं. दोन्ही बॅकअप घेऊन दोन वेगळ्या जागी ठेवायचे. मग कुलूप उघडून, काहीही नवं टाकण्याआधी, तोच बॅकअप परत चढवायचा. मारिओचं घड्याळ पुन्हा चालू झालं, म्हणजे बॅकअप खरा आहे. त्यानंतर हवं ते टाका.