धोरणविषयक इंटर्नशिप: अर्जापासून टिपणीपर्यंत या चुका टाळा

पहिली चूक अर्जाच्या तारखेची. केंद्र सरकारला धोरणांबाबत सल्ला देणाऱ्या नीती आयोगाच्या इंटर्नशिपची अर्जाची लिंक महिन्याच्या १ ते १० तारखेपर्यंतच सुरू असते. पदवीच्या विद्यार्थ्याला बारावीत ८५ टक्के आणि चौथ्या सत्राची परीक्षा दिलेली असणे, पदव्युत्तर विद्यार्थ्याला पदवीत ७० टक्के, या अटी आधी तपासा. मानधन नाही, लॅपटॉप स्वतःचा, दिल्लीतला राहण्या-जेवण्याचा खर्चही आपलाच. मुदत किमान सहा आठवडे. मध्येच विद्यापीठाची परीक्षा लागली आणि परतावे लागले, तर प्रमाणपत्र हातून जाते. म्हणून परीक्षेचे वेळापत्रक आणि कॉलेजचे ना हरकत पत्र यांची सोय आधी लावा. प्राचार्यांची सही दोन दिवसांत मिळेल असे धरून चालू नका.

अर्जात ‘समाजासाठी काहीतरी करायचे आहे’ असे लिहू नका. ‘मुलींचे शिक्षण’ हा नुसता विषय झाला. ‘एसटीचा पास मोफत असूनही दहावीनंतर कोणत्या गावांतल्या मुलींची शाळा सुटते?’ हा प्रश्न झाला. निवड करणाऱ्याला प्रश्न हवा असतो.

खरी पडझड मात्र काम सुरू झाल्यावर, आकड्यांत होते. ठाणे जिल्हा घ्या. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख आहे. पण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि त्यातले जवळपास ३० लाख लोक तिकडे गेले. आजच्या ठाण्यातल्या दवाखान्यांची संख्या २०११ च्या लोकसंख्येने भागली की दरडोई सगळेच आकडे चुकतात, आणि आता पालघरमध्ये असलेले जव्हार-मोखाड्याचे आदिवासी तालुके ठाण्याच्या सरासरीत दडून जातात. तालुकानिहाय बेरीज करून दोन्ही जिल्हे वेगळे करा. तसेच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९-२१ ची म्हणून ‘कोविडनंतरचे चित्र’ असे लिहिले जाते. महाराष्ट्रातली पाहणी पहिल्या टप्प्यात, टाळेबंदीच्या आधीच झाली होती.

अर्थसंकल्पात चार रकाने असतात: प्रत्यक्ष खर्च दोन वर्षांपूर्वीचा, अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज चालू वर्षाचे, अर्थसंकल्पीय अंदाज येणाऱ्या वर्षाचा. अंदाजाची प्रत्यक्ष खर्चाशी तुलना करून ‘तरतूद वाढली’ म्हणणे ही नेहमीची घसरगुंडी. तरतूद वाढली का, हे बघायचे तर अर्थसंकल्पीय अंदाजाशेजारी अर्थसंकल्पीय अंदाजच ठेवा आणि पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा निधी, तपासा. आकडे हजारांत आहेत की लाखांत, हे पानाच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलेले असते. तिथे नजर गेली नाही तर शंभरपट चूक होते.

शासन निर्णय वाचताना थेट मुद्द्यांवर उडी मारू नका. वरचा ‘संदर्भ’ आधी वाचा: त्यातले जुने निर्णय क्रमाने उघडले की योजना कुठे बदलली ते कळते. ‘अधिक्रमित करण्यात येत आहे’ (म्हणजे जुना निर्णय रद्द) हे शब्द शोधा आणि नंतर शुद्धिपत्रक निघाले का, ते बघा. रद्द झालेल्या निर्णयावर पूर्ण अहवाल उभा करण्यासारखे वाया गेलेले श्रम नाहीत. जुन्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केल्यावर विचित्र अक्षरे उमटली, तर फाइल बिघडलेली नसते. तो युनिकोड या आजच्या प्रमाण पद्धतीच्या आधीचा फॉन्ट असतो. अशा वेळी पान चित्र म्हणून ओसीआरला (चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला) द्या आणि आकडे मूळ पानाशी एकेक करून ताडून पाहा, कारण १ आणि ९, ५ आणि ६ यांत ओसीआर हमखास गोंधळते.

संस्थेत काम करत असाल आणि माहिती अधिकाराचा अर्ज लागणारच असेल, तर तो पहिल्याच आठवड्यात टाका. उत्तराची मुदत ३० दिवसांची, अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग झाला तर आणखी ५ दिवस. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. ‘सविस्तर माहिती द्यावी’ असे न लिहिता वर्ष, तालुका आणि नोंदवहीचे नाव लिहा.

कामाच्या शेवटी द्यायची शिफारशींची टिपणी दोन पानांपेक्षा मोठी करू नका. पहिल्या परिच्छेदात शिफारस आणि ती कोणत्या अधिकाऱ्याच्या अधिकारात येते, हे लिहा. जिल्हा परिषदेच्या हातातले काम मंत्रालयाला सुचवले, तर ती टिपणी फायलीत पडून राहते. प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष आणि पान क्रमांक द्या, म्हणजे तुम्ही गेल्यावरही ती कुणाला वापरता येईल.