गोठ्यावर कुत्र्यांची टोळी येत असेल तर: पिंजरा लावण्याआधी, लावताना आणि नंतर

माणदेशातल्या आमच्यासारख्या माळावरच्या वस्त्यांवर रात्री वासरू किंवा करडू फाडले गेले, की पहिला संशय लांडग्यावर किंवा बिबट्यावर जातो. सकाळी उजेडात नीट पाहिले, तर पुष्कळदा ते काम मोकाट कुत्र्यांच्या टोळीचे निघते. अशा वेळी घाईने फासा लावणारे आणि मेलेल्या जनावरात विषारी औषध कालवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. त्या घाईत टोळी तशीच राहते आणि बळी जातो तो लांडग्याचा, घारीचा किंवा शेजाऱ्याच्या राखणीच्या कुत्र्याचा. म्हणून टोळीचा बंदोबस्त कोणत्या क्रमाने करावा आणि त्या काळात गुरे कशी सांभाळावीत, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी शिकारी ओळखावा

जनावर मेले असेल तर ते हलवू नये. जखमा, ओढल्याच्या खुणा आणि माग हे तिन्ही पाहावे. बिबट्या सहसा गळा धरतो, भक्ष्य आडोशाला ओढून नेतो आणि त्याच्या पंजाच्या ठशात नखे उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखे स्पष्ट दिसतात. कुत्र्यांची टोळी मागून धरते. शेपूट, मांड्या, कास आणि कान येथे वेड्यावाकड्या, अर्धवट फाटलेल्या जखमा आढळतात आणि बऱ्याचदा मांस फारसे खाल्लेले नसते. लांडगा करडू किंवा कोकरू मानेला धरून उचलून नेतो, त्यामुळे वाड्याजवळ फार काही मागे उरत नाही. लांडग्याचा आणि मोठ्या कुत्र्याचा ठसा मात्र इतका सारखा असतो, की केवळ ठशावरून निकाल देऊ नये.

रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा हा प्राणी वेगळाच आहे. तांबूस अंग, गोलसर कान, काळी झुपकेदार शेपटी आणि भुंकण्याऐवजी शीळ घातल्यासारखा आवाज या त्याच्या खुणा आहेत. तो सह्याद्रीच्या, मेळघाटाच्या किंवा ताडोबाच्या जंगलात राहतो. उघड्या माळावर गावाजवळ फिरणारी टोळी त्याची नसते. कोळसुंदा, लांडगा, कोल्हा आणि तरस या सर्वांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. त्यांना पकडणे किंवा इजा करणे हा गुन्हा आहे. वन्य प्राण्याचा संशय असेल, तर वनविभागाला १९२६ या क्रमांकावर किंवा जवळच्या वनरक्षकाला त्याच दिवशी कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरच ठेवावे. नुकसानभरपाई याच पंचनाम्यावर ठरते, आणि जनावर पुरून टाकल्यानंतर कोणालाही काही सिद्ध करता येत नाही.

टोळी कशावर जगते ते शोधावे

हे काम कंटाळवाणे आहे, तरीही माझ्या मते निम्म्याहून अधिक बंदोबस्त येथेच होतो. कुत्री एका जागी टिकतात ती खाण्यामुळे. कोंबडीच्या दुकानांचा कचरा ओढ्यात टाकला जातो, पोल्ट्रीतली मेलेली पिल्ले बांधावर फेकली जातात आणि मेलेले जनावर गायरानात तसेच सोडले जाते. पूर्वी असे जनावर गिधाडे काही तासांत साफ करीत. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरांतून पोटात गेल्याने गिधाडे मोठ्या संख्येने मेली, आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधाच्या वापरावर बंदी येईपर्यंत माळ रिकामे झाले होते. गिधाडांच्या वाट्याचे ते अन्न आज कुत्री खातात. म्हणून मृत जनावर विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, पुरुषभर खोल खड्ड्यात पुरावे, वर चुना टाकावा आणि खड्डा उकरला जाऊ नये म्हणून मातीवर दगड किंवा बाभळीचे काटे रचावेत. गाईला वेदनाशामक द्यायचे असेल तेव्हा डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम देण्याची विनंती करावी. ते गिधाडांना बाधत नाही.

गाय व्याल्यानंतर पडणाऱ्या वारेविषयी वेगळे सांगितले पाहिजे. आपल्याकडे ती अनेकदा उकिरड्यात टाकली जाते आणि रात्री तिच्याच वासावर टोळी गोठ्यापर्यंत येते. एकदा ती वाट सापडली, की पुढच्या वेळी तिला वार पुरत नाही. ओले, धडपडत उभे राहणारे वासरू तिच्यासमोरच असते. याशिवाय निओस्पोरा नावाचा एक परजीवी आहे. कुत्र्याने बाधित वार किंवा गाभडलेले वासरू खाल्ले, की तो कुत्र्याच्या पोटात जातो आणि कुत्र्याने चाऱ्यावर किंवा पाण्याजवळ विष्ठा केली, की गाभण गाईपर्यंत पोहोचतो. त्यातून गाई गाभडतात. तेव्हा वार तत्काळ खोल पुरावी आणि कडब्याच्या गंजीवर, गव्हाणीत, पेंडीच्या पोत्यांवर कुत्र्यांना बसू देऊ नये. हा नियम घरच्या कुत्र्यालाही लागू आहे. बोकड कापल्यानंतर फुप्फुस आणि काळीज कच्चे कुत्र्याला घालण्याची सवयही सोडावी, कारण त्यातल्या पाण्याच्या गाठींमधून एक पट्टकृमी कुत्र्यात वाढतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास माणसाच्या यकृतात तशाच गाठी होतात.

गुरांची बांधणी आणि हाताळणी

टोळीचा वावर असेपर्यंत गाभण गाय विण्याच्या आठ-दहा दिवस आधीच बंदिस्त जागेत आणावी. वासरे दावणीच्या टोकाला, उघड्या बाजूला बांधू नयेत. लहान दाव्याला बांधलेल्या वासराला पळता येत नाही आणि वळून तोंडही देता येत नाही. वासरांसाठी कुडाचा किंवा जाळीचा वेगळा खण करावा आणि तो आईला दिसेल असा ठेवावा, नाहीतर गाय रात्रभर हंबरते आणि सकाळी पान्हा चोरते. कुंपण साखळी जाळीचे असेल तर पाच फूट उंची पुरते, पण जाळीचा तळ हातभर जमिनीत गाडावा किंवा बाहेरच्या बाजूने दगडांनी दाबावा, कारण कुत्रे उडी मारण्यापेक्षा उकरून आत येणे पसंत करते. सर्वाधिक दुर्लक्ष फाटकाखालच्या फटीकडे होते. वीतभर फट म्हणजे कुत्र्याला उघडे दार. सौर झटका यंत्र लावल्यास सर्वांत खालची तार कुत्र्याच्या छातीइतकी खाली घ्यावी. घरच्या विजेचा थेट प्रवाह कुंपणात कधीही सोडू नये. त्याने माणसे मेली आहेत.

टोळीने पाठलाग केलेली गुरे पुढे कित्येक दिवस बिथरलेली असतात. त्यांना हाकताना आरडाओरडा केला, काठी उगारली किंवा घरचे कुत्रे सोबत नेले, तर ती उधळतात आणि व्यालेली गाय अंगावर येते. गुराला दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे दिसते, फक्त शेपटीमागचे सरळ दिसत नाही. म्हणून थेट मागून न जाता बोलत बोलत खांद्याच्या बाजूने जावे. खांद्याच्या मागे उभे राहून एक पाऊल पुढे टाकले, की जनावर पुढे चालते. खांद्याच्या पुढे आलो, की थांबते किंवा वळते. एवढे एक लक्षात ठेवले, तर एकटा माणूसही दहा-बारा गुरे शांतपणे गोठ्यात घेऊ शकतो. सगळा कळप एकत्र हलवावा. एकटे मागे राहिलेले खोंड किंवा कालवड घाबरून कुंपण तोडते, आणि टोळी नेमकी अशाच एकट्या जनावराची वाट पाहत असते.

चावलेले जनावर तपासायचे असेल तर त्याला खोड्यात घ्यावे. खोडा नसेल तर म्होरकी घालून झाडाला आखूड बांधावे. हातात रबरी मोजे घालूनच जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, किमान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तंबाखू किंवा मिरची जखमेत भरू नये. त्याच दिवशी १९६२ या क्रमांकावर किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून रेबीजची लस सुरू करावी. पहिल्या मात्रेचा दिवस ० धरून तिच्या मात्रा साधारणपणे ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी दिल्या जातात. जनावर चरू लागले म्हणून शेवटच्या दोन मात्रा टाळणारे बरेच आहेत. तसे करू नये.

येथे एक धोका मुद्दाम सांगतो. चावल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी एखादी गाय चारा सोडते, तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागतात, हंबरणे घोगरे होते, ती कुंथू लागते आणि मागचे पाय लटपटतात. हे पाहून जाणते लोकही घशात काही अडकले असे समजून कोपरापर्यंत हात तोंडात घालतात. तो रेबीज असू शकतो आणि रेबीज झालेल्या जनावराच्या लाळेतून हातावरच्या ओरखड्यावाटे तो माणसाला होतो. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर उपाय नाही. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नये, त्याचे दूध वापरू नये, त्याला वेगळे बांधून डॉक्टरांना बोलवावे आणि ज्यांचा लाळेशी संबंध आला असेल त्यांनी त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी.

पिंजरा

कुत्र्याला मारणे किंवा पांगळे करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार मोकाट कुत्रे पकडायचे ते निर्बीजीकरणासाठी आणि लसीकरणासाठी. काम झाल्यावर त्याला पकडले त्याच भागात सोडायचे असते. यंत्रणा स्थानिक स्वराज्य संस्थेने उभी करायची असते. म्हणून पहिले पाऊल म्हणजे ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देणे, त्याची पोच घेणे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला प्रत देणे. कुत्री न्यायला पथक येण्याची तारीख ठरल्याशिवाय पिंजऱ्याचे दार पडण्यासाठी मोकळे करू नये. पकडलेले कुत्रे ठेवायचे कोठे, याचे उत्तर हाती नसताना पकडण्यात अर्थ नाही. पिलांना पाजणारी कुत्री पकडू नये. पिले उपाशी मरतात, शिवाय नियमही तसाच आहे.

फासा, जबड्याचा सापळा आणि विष ही तीन साधने पूर्णपणे वर्ज्य मानावीत. वेल्डमेशचा, सुमारे पाच-सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच, पायपट्टीवर पाय पडताच दार खाली येणारा पिंजरा योग्य ठरतो. जाळीला आतून तारेची टोके राहिली असतील तर ती ठोकून घ्यावीत, कारण कोंडलेले कुत्रे सर्वांत आधी जाळी चावते. पिंजरा टोळीच्या नेहमीच्या वाटेवर, झाडाच्या सावलीत, जमिनीशी सपाट ठेवावा. हलणाऱ्या पिंजऱ्यात कुत्रे पाय ठेवत नाही. तळावर दोन बोटे माती पसरून पायपट्टी झाकावी. आता घाई करू नये. पहिले चार-पाच दिवस दार वर दोरीने बांधून ठेवावे आणि संध्याकाळी आत सुके बोंबील किंवा कोंबडीचे तुकडे टाकावेत, पहिल्या दिवशी दाराशी, मग दररोज थोडे आत. मातीवर उमटलेल्या पावलांवरून किती कुत्री आत जातात ते सकाळी कळते. टोळीतली म्होरकी कुत्री सर्वांत सावध असते. ती बाहेर उभी राहून बाकीच्यांना पाहते. ती निर्धास्तपणे शेवटपर्यंत आत जाऊ लागेपर्यंत दोरी सोडू नये. आधी एखादे लहान कुत्रे अडकले आणि तिने ते पाहिले, तर तो पिंजरा तिच्यासाठी कायमचा वाया गेला.

दाराची दोरी सोडलेल्या रात्री दोनदा आणि पहाटे उजाडण्यापूर्वी पिंजरा पाहावा. कुत्रे अडकले असल्यास गोणपाट टाकून पिंजरा पूर्ण झाकावा. अंधारात ते शांत होते. जाळीतून बोट घालू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये, पाण्याचे भांडे आत सरकवावे आणि उचलण्याचे काम लस घेतलेल्या पथकावर सोडावे. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर पिंजरा उन्हात राहिला तर कुत्रे मरते. आत कोल्हा, रानमांजर किंवा लांडगा सापडला तर दार स्वतः उघडण्याच्या भानगडीत न पडता सर्वांना लांब करून १९२६ वर कळवावे.

परत सोडायचेच तर पकडायचे कशाला, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत येतो आणि तो चुकीचा नाही. निर्बीजीकरण झालेले कुत्रे दुसऱ्या दिवसापासून वासरांना सोडून देईल असे नाही. परंतु त्याला दरवर्षी पिले होत नाहीत, लस घेतल्याने ते रेबीज पसरवत नाही आणि त्याची जागा घ्यायला बाहेरची नवी टोळी सहजी येत नाही. खाणे तोडलेले असेल आणि कुंपण पक्के असेल, तरच त्याचा परिणाम गोठ्यापर्यंत दिसतो. टोळीतली दोन कुत्री पकडून बाकीची सोडल्यास उपयोग होत नाही. शेजारच्या वस्त्यांनी एकाच आठवड्यात पिंजरे लावावेत आणि त्याच वेळी घरच्या कुत्र्यांनाही रेबीजची लस टोचून घ्यावी.

गोठ्यात खिळ्याला एक वही अडकवून ठेवावी. कोणत्या रात्री किती कुत्री दिसली, कोणत्या रंगाची, त्यांतल्या कितींच्या कानाला निर्बीजीकरणाची खाच आहे, कोणत्या गुराला कोठे चावले आणि लसीची पुढची तारीख कोणती, एवढेच त्यात लिहावे. खाच नसलेले नवे कुत्रे दिसले, की ते नेमके कोणत्या बाजूने आले ते पाहावे आणि त्या बाजूचा उकिरडा किंवा ओढा त्याच दिवशी चालून यावा.