घरासाठी टाइल निवडताना: आधी पाणी, मग पाय, रंग शेवटी

दुकानात टाइल भिंतीला टेकून उभी असते, कोरडी असते आणि वरून दिव्याचा झोत असतो. घरात ती आडवी पडते, तिच्यावर पाणी सांडतं आणि अनवाणी पाय फिरतात. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी कागद घ्या आणि खोलीवार लिहा: पाणी कुठे पडतं, ऊन कुठे येतं, जड सामान कुठे सरकतं, आजी-आजोबा आणि लहान मुलं कुठून चालतात. हा कागद हातात असला की समोरच्या शेकडो डिझाइन्समधून निम्मी आपोआप बाजूला पडतात.

टाइल पाणी किती पिते

सगळ्या टाइल्समधला मूळ फरक हाच आहे. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या 10 टक्क्यांहून जास्त पाणी शोषते. जमिनीची सिरॅमिक टाइल साधारण 3 ते 6 टक्के, तर व्हिट्रिफाइड टाइल, म्हणजे जास्त तापमानाला भाजलेली घट्ट गाभ्याची टाइल, अर्धा टक्का किंवा त्याहून कमी. हे दुकानातच तपासता येतं. टाइल पालथी करा आणि मागच्या बाजूला चमचाभर पाणी ओता. भिंतीच्या टाइलवर थोड्याच वेळात गडद ओला डाग पसरतो आणि पाणी आत जिरतं. व्हिट्रिफाइडवर ते तसंच साचून राहतं, फडक्याने पुसलं की पाठ कोरडी.

भिंतीची टाइल जमिनीवर लावू नका. तिचा गाभा सच्छिद्र आणि कमजोर असतो. गॅस सिलिंडर आपटला किंवा कपाट सरकवलं की तडा जातो. उलट, व्हिट्रिफाइड टाइल भिंतीवर चालते, पण नुसत्या सिमेंटवर नाही. सिमेंट टाइलच्या छिद्रांत शिरून पकड घेतं. इथे छिद्रं जवळजवळ नसतातच, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत टाइल सुटू शकते. तिथे टाइल अॅडेसिव्हच (टाइल चिकटवायची तयार पूड, पाण्यात कालवून लावतात) हवं, आणि तो खर्च निवड करतानाच धरा. 3 मिमी थराला 20 किलोची गोणी 45 ते 50 चौरस फूट पुरते.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. जीव्हीटी (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल) म्हणजे वर छापील डिझाइन आणि त्यावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा थर. लाकडाचा, मार्बलचा हुबेहूब भास तिच्यातच मिळतो, पण कड उडाली की आतला वेगळा रंग दिसतो. डबल चार्जमध्ये वरचा रंगीत थर 3-4 मिमी जाड असतो. नक्षी मोजक्याच, पण वर्षानुवर्षं वर्दळ झाली तरी रंग टिकतो. फुल बॉडी आरपार एकाच रंगाची असते, म्हणून जिन्याच्या पायऱ्यांसाठी तीच घ्या, कारण तिथे कड गोल घासावी लागते. हॉलमध्ये वर्दळ जास्त असेल तर आमचं मत डबल चार्जला. बेडरूमला जीव्हीटी खुशाल घ्या.

स्वयंपाकघरासाठी एक परीक्षा नक्की करा. सॅम्पल तुकडा घरी आणा, हळद आणि तेल कालवून रुपयाच्या नाण्याएवढा ठिपका त्यावर ठेवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी साबणाच्या पाण्याने पुसा. पिवळी कडा उरली तर ती टाइल ओट्याजवळ नको. चकचकीत पॉलिश केलेल्या काही टाइल्समध्ये पॉलिश करताना बारीक छिद्रं उघडी पडतात. ती बुजवणारा लेप झिजला की फोडणीचे डाग आत बसतात. दुकानात ही टाइल सगळ्यात सुंदर दिसते, म्हणूनच ही परीक्षा टाळू नका.

पाय घसरतो कुठे

घसरणीसाठी आर9 ते आर13 असे क्रमांक असतात. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. हॉल-बेडरूमला आर9 पुरे, बाथरूमला आर10 किंवा आर11, उघडी गच्ची, बाहेरच्या पायऱ्या आणि पार्किंगला आर11 किंवा वरचा. दुकानदाराला क्रमांक सांगता येत नसेल तर तांब्याभर पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाका, टाइलवर ओता, भिंतीला हात टेकून अनवाणी उभे राहा आणि टाच दाबून फिरवा. सरकली तर बाथरूमसाठी ती टाइल बाद.

पण खूप खडबडीत टाइलही बाथरूममध्ये नको. खोलगट नक्षीत साबणाचा मळ आणि बोअरच्या पाण्याचे क्षार बसतात. मग लोक अॅसिड ओततात आणि अॅसिड सांध्यांतलं सिमेंट खातं. मधला मार्ग म्हणजे 300×300 मिमीची मॅट टाइल. सांधे जास्त असल्याने पायाला आधार मिळतो आणि जाळीकडे चारही बाजूंनी ढाळ देणं सोपं जातं. 600×1200 ची मोठी टाइल घातली तर ढाळासाठी तिला तिरपं कापावं लागतं. कापली नाही तर कोपऱ्यात पाणी तुंबतं.

कोकण-गोव्यात तळमजल्याचा आणखी एक मुद्दा. मे-जूनमध्ये दमट हवा थंड फरशीला लागते आणि फरशीला घाम सुटतो. चकचकीत टाइलवर तो घाम तेलासारखा निसरडा होतो. मॅट किंवा सॅटिनवर घाम येतोच, पण पाय टिकतो. विदर्भ-मराठवाड्यात गच्चीला पांढरी किंवा फिकी टाइल घ्या. गडद रंगावर एप्रिलच्या दुपारी पाय ठेवता येत नाही आणि खालची खोलीही तापते. गळती मात्र कुठलीच टाइल थांबवत नाही. वॉटरप्रूफिंग करून, किमान 24 तास पाणी भरून ठेवून, खालचं छत कोरडं आहे हे पाहिल्यावरच गच्चीला किंवा बाथरूमला टाइल लावा.

बॉक्स वाचा, मग पैसे द्या

बॉक्सवर आकार, ग्रेड, शेड किंवा बॅच क्रमांक आणि कॅलिबर (त्या खेपेच्या नेमक्या मापाचा क्रमांक) छापलेलं असतं. भट्टीच्या प्रत्येक खेपेत रंग थोडा बदलतो आणि मापही किंचित बदलतं. माप एका मिलिमीटरने वेगळं असेल तर दहाव्या टाइलपर्यंत सांधा एक सेंटीमीटर सरकतो. म्हणून सगळा माल एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्या. घरी आल्यावर वेगवेगळ्या तीन-चार बॉक्समधली एकेक टाइल दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहा. हे मिस्त्री येण्याआधी. एकदा लावलेला माल दुकानदार परत घेत नाही.

दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून ठेवा आणि कोपरे दाबा. डुगडुगल्या तर बाक आहे. 600×1200 मध्ये थोडा बाक असतोच. अशी टाइल विटेसारखी अर्ध्यावर सरकवून लावली, की एकीचा मधला फुगवटा दुसरीच्या खाली झुकलेल्या कोपऱ्याशेजारी येतो आणि चालताना पायाला कड लागते. सरकवायचीच असेल तर एक-तृतीयांशच सरकवा.

आता हिशेब. ज्याला सगळे ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती प्रत्यक्षात 600×600 मिमी, म्हणजे 3.875 चौरस फूट असते, चार नाही. चार टाइल्सचा बॉक्स 15.5 चौरस फुटांचा भरतो. दर फुटाने ठरला असेल तर बिल 15.5 वर आहे की 16 वर, ते विचारा. शंभर बॉक्सला 50 फुटांचा फरक पडतो. दरात जीएसटी, गाडीभाडं आणि हमाली धरली आहे का, हेही त्याच वेळी लिहून घ्या.

12×18 फुटांच्या हॉलचं उदाहरण घ्या. जमीन 216 चौरस फूट. घेर 60 फूट, दारांचे 10 फूट वजा, उरलेल्या 50 फुटांना चार इंची स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाइलची पट्टी) म्हणजे आणखी 17. एकूण 233. कापाकापीसाठी 8 टक्के धरले की 252. भागिले 15.5, म्हणजे 17 बॉक्स. वर एक राखीव, असे 18. तिरपी मांडणी असेल तर 8 ऐवजी 12 टक्के धरा.

भिंतीला उंची टाइलच्या पटीत ठरवा. 300×600 आडवी लावली आणि 2 मिमी सांधा ठेवला तर सात ओळी 2112 मिमी होतात. सात फुटांना इंचभरही कमी नाही. दाराच्या चौकटीच्या वर दोन बोटांची पट्टी कापून बसवायची वेळ येत नाही.

लावताना काय बिघडतं

सांधा न ठेवता टाइल चिकटवून लावा असा आग्रह कधीही धरू नका. तापमानाने फरशी फुगते. जागा मिळाली नाही की एके दिवशी फटकन आवाज होऊन दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. 2 ते 3 मिमी सांधा आणि भिंतीच्या कडेला स्कर्टिंगखाली 6-8 मिमी मोकळी जागा हवीच. सिमेंटने लावायच्या सिरॅमिक टाइल्स आधी पाण्यात भिजवा, नाहीतर त्या सिमेंटच्या मालातलं पाणी ओढून घेतात आणि सिमेंट कच्चं राहतं. व्हिट्रिफाइड भिजवून काही उपयोग नाही. माल सुकल्यावर, सांधे भरण्याआधी, प्रत्येक टाइलवर नाणं टिचकीसारखं वाजवा. भरीव ‘टक’ आला तर ठीक. पोकळ ‘ठण’ आला तर खडूने खूण करा आणि ती तेव्हाच काढून पुन्हा लावून घ्या.

जुन्या फरशीवर नवी लावणार असाल तर 9 मिमी टाइल आणि 3 मिमी अॅडेसिव्ह, अशी जमीन 12 मिमी वर येते. दारं खालून कापावी लागतील. बाथरूमचा उंबरा हॉलपेक्षा खाली तर जात नाही ना, हेही बघा.

सांधे भरायच्या मसाल्याला ग्राउट म्हणतात. ओट्यामागे आणि बाथरूममध्ये इपॉक्सी (राळेचं) ग्राउट, बाकी सिमेंटचं. रंग टाइलपेक्षा एक छटा गडद. जमिनीवर पांढरं ग्राउट वर्षभरात काळवंडतं. इपॉक्सी भरल्यावर पृष्ठभाग तेव्हाच ओल्या स्पंजने पुसायला लावा, सुकलेला पापुद्रा मग सहज निघत नाही.

राखीव बॉक्सवर मार्करने लिहा: कुठल्या खोलीचा, कोणती बॅच, कुठल्या महिन्यात घेतला. मग तो माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी प्लंबर गळकी पाइप शोधायला दोन टाइल्स फोडतो, तेव्हा तीच छटा बाजारात मिळत नाही.