फणसाडला जाताना: काय घ्यायचं, काय घरी ठेवायचं

रायगड जिल्ह्यातल्या काशीदच्या किनाऱ्यावरून परतताना 'वाटेत अभयारण्यही उरकून घेऊ' असा बेत असेल तर फणसाड सोडून द्या. भर दुपारी ओल्या कपड्यांत, पोरांचा गलका घेऊन आत गेलात तर माकडंसुद्धा दिसायची नाहीत, आणि घरी जाऊन सांगाल की तिथे काहीच नाही. हे जंगल चालून बघण्यापेक्षा बसून बघायचं आहे. तयारीही त्याच हिशेबाने करावी.

आधी महिना ठरवा. हिरवाई, फुलपाखरं हवी असतील तर पाऊस ओसरल्यावर या. प्राणी बघायचे असतील तर एप्रिल-मे, उकाडा सोसायची तयारी ठेवून. इथे पाऊस धो धो पडतो, पण उतारावरचं पाणी थांबत नाही, खाडीला जाऊन मिळतं. उन्हाळा चढला की ओल उरते ती गाणींपाशी, म्हणजे जंगलातल्या बारमाही पाणवठ्यांपाशी. चिखलगाण, धरणाची गाण ही नावं वाटाड्याकडून ऐकाल. सांबर, भेकर, रानडुक्कर, मागोमाग बिबट्या, सगळ्यांना तिथे यावंच लागतं. वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवर मचाणं बांधून प्राण्यांची गणना करतो, ती याच कारणाने. जंजिऱ्याच्या नवाबालाही हे ठाऊक असणार. हे त्याचं शिकारीचं राखीव रान होतं. शिकारीसाठी का होईना, राखलं म्हणून कुऱ्हाडीतून वाचलं. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं, 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं.

आदल्या दिवशी सुपेगावच्या बाजूला वनविभागाकडे चौकशी करा: प्रवेश चालू आहे का, गाडी कुठवर नेता येते, राहायची सोय आहे का. वाटाड्या गावातलाच घ्या, त्याच्याशी पैशांसाठी घासाघीस करू नका. शेकरूचं, म्हणजे मोठ्या रानखारीचं, घरटं उंच फांद्यांच्या बेचक्यात असतं, आणि एकेका शेकरूची अशी अनेक घरटी असतात. आज कुठल्या घरट्यात हालचाल आहे, ते त्यालाच माहीत. रोख सुटे पैसे ठेवा, मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

कपडे मातकट किंवा शेवाळी, पूर्ण बाह्यांचे. अत्तर, डिओ, गजरा घरी. पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेतच. कोकणात फुरसं हा विषारी साप आहे आणि तो पाचोळ्यात सहज दिसत नाही. चुकून चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, भगताकडे नेणं यात वेळ घालवू नका. पाय हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठा. लाल विंचवाचंही तसंच. त्यावरचं प्राझोसिनचं औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलं, पण ते डॉक्टरांच्या हातून आणि वेळेत मिळायला हवं.

पाणी माणशी तीन लिटर तरी घ्या, गाणीचं पाणी पिऊ नका आणि त्यात हातपायही धुऊ नका. खायला भाकरी-चटणी फडक्यात बांधून न्या. वेफर्सचं पाकीट फाडल्याचा आवाज शांततेत भलताच लांब जातो. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर त्यासाठी अडून बसू नका. ब्लूटूथचा स्पीकर मात्र गाडीतही नको. लहान पोरं अर्धा तास गप्प बसणारी असतील तरच गाणीवर न्या, नाहीतर त्यांना गारंबीचे वेल दाखवा. मांडीएवढे जाड, झाडाझाडांवरून लोंबणारे, आणि शेंग तर तलवारीएवढी लांब. ते बघून पोरं हरखतात. शेंग, सांबराचं गळलेलं शिंग, पीस, काहीही उचलायचं नाही. अभयारण्यात तो गुन्हा आहे.

उजाडायच्या आत आत जायला मिळत असेल तर जा, नाहीतर उन्हं कलल्यावर. वारा आपल्याकडे येत असेल अशा बाजूला बसा आणि घड्याळ बघू नका. मुक्कामावर परतल्यावर मोज्यांच्या कडा, गुडघ्यामागची जागा, कंबरपट्टा नीट तपासा. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने तोंडापाशी धरून सरळ ओढा, चिरडू नका. कपडे त्याच रात्री कढत पाण्यात टाका.