उघड्या डोंगरावर कोणतं झाड लावायचं? पान, लाकूड, साल आणि बी पाहून ठरवा

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर ‘देशी झाडं लावा’ एवढ्यावर भागत नाही. जांभूळही देशी आणि सालईही देशी, पण मुरमाड उतारावर जांभळाचं रोप बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात वाळतं. तिथं रोपं कशानं मरतात ते आधी बघा. चार-पाच ठिकाणी हातभर खड्डे घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजा, वणव्याच्या खुणा आणि शेळ्यांची वाट शोधा. कातळाचा सडा, म्हणजे सपाट खडकाळ पठार असेल तर झाडं लावूच नका. ते मूळचं गवताळ रान आहे, तोडलेलं जंगल नाही.

मग तेवढ्याच उंचीवरच्या आणि तेवढ्याच पावसाच्या देवराईतून 25-30 जातींची यादी करा. मोजमापासाठी प्रत्येक जातीची किमान पाच झाडं घ्या.

लाकडाची घनता काढायला बोटाएवढ्या जाड फांदीचा 8 सेंमी तुकडा घेऊन साल सोला. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा सुईला टोचून पूर्ण बुडवा; तळाला किंवा कडेला टेकला की आकडा चुकतो. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंमी आकारमान. मग 105 अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत, साधारण दोन-तीन दिवस वाळवा. सुक्या वजनाला आकारमानानं भागा: आकारमान 24 घनसेंमी आणि सुकं वजन 19.2 ग्रॅम आलं, तर घनता 0.8. धावडा, खैर याच्या आसपास. पांगारा, सावर 0.3 च्या जवळपास. फांदीचा आकडा खोडाच्या आकड्याशी ताडू नका.

पानं उन्हातली, पूर्ण वाढलेली, न किडलेली घ्या, ओल्या कागदात गुंडाळून आणा. आलेखकागदावर क्षेत्रफळ मोजा, 70 अंशांवर तीन दिवस वाळवा आणि क्षेत्रफळाला सुक्या वजनानं भागा. आकडा मोठा म्हणजे पान पातळ: झाड भराभर वाढतं, पालापाचोळा लवकर कुजतो. लहान म्हणजे पान जाड आणि चिवट, वाढ सावकाश. सगळ्या जाती एकाच महिन्यात, शक्यतो सप्टेंबरात मोजा. एकाची कोवळी पालवी आणि दुसऱ्याचं जून पान घेतलं की तुलना फसते.

हलकं लाकूड म्हणजे दुष्काळात मरणारं झाड, हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे. सालई, शिमटी, पांगारा हलक्या लाकडात पाणी साठवतात आणि पानं गाळून उन्हाळा काढतात. म्हणून यादीत पानगळीचा महिना लिहायलाच हवा. हलकं लाकूड असून पानं उन्हाळ्यातही टिकत असतील, तर ती जात ओढ्याकाठी न्या.

वणव्याच्या जागी जाड सालीचे ऐन, कुंभा निवडतात. पण जाड साल मोठ्या झाडाची, रोपाची नव्हे. पहिली चार-पाच वर्षं जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, काढावीच लागते. त्या काळात जळूनही बुडातून किंवा मुळातून फुटणारी जात जास्त कामाची, उदाहरणार्थ पळस. चराई असेल तर रोप करवंदीच्या जाळीला चिकटून लावा, काट्यांचं कुंपण फुकट मिळतं.

बियांवरून कष्ट वाचतात. सावरीचं बी कापसासोबत वाऱ्यावर येतं. शेजारी मोठं झाड असेल तर रोपांवर खर्च कशाला? बेहडा, आंबा यांची जड बियाणी स्वतःहून लांब येत नाहीत, ती लावावी लागतात. उंबर फळला की पाखरं आणि वटवाघळं इतर बियाही आणून टाकतात. धावड्याचं बी पुष्कळ, पण उगवण अत्यंत कमी. रोपवाटिकेच्या भरवशावर न राहता जागेवरची खुंटं राखून फुटवे वाढू द्या. जांभळाचं बी साठवलं तर मरतं, फळ खाल्लं की त्याच आठवड्यात पिशवीत लावा.

3 बाय 3 मीटरवर हेक्टरी सुमारे 1,100 रोपं बसतात. उथळ मुरमात त्यातली निम्मी पानगळीची काटक झाडं, पावभाग खैर-करंजासारखी मुळांच्या गाठींतून नत्र देणारी आणि उरलेली फळांची, असं आम्ही सुरू करू. अंजनीसारखी सावलीत वाढणारी झाडं आत्ता लावू नका, डोक्यावर पाला धरल्यावर आणा. एकाच जातीची रोपं दहा टक्क्यांच्या वर गेली तर यादी पुन्हा काढा. रोपवाटिकेत जे शिल्लक होतं तेच गाडीत भरलं गेलं, असं बहुतेकदा निघतं.