निलंबनाचा कागद हातात पडला तर

गोव्यातल्या सरकारी शाळेत नोकरी असेल आणि निलंबनाचा आदेश आला, तर आधी शांतपणे एक काम करा. पोच देताना सहीखाली तारीख घाला आणि तीच तारीख आपल्या प्रतीवरही लिहा. अपिलाची मुदत तिथून मोजायची असते.

आपल्या सरकारी शिक्षक-कर्मचाऱ्यांना केंद्रीय नागरी सेवा (वर्गीकरण, नियंत्रण आणि अपील) नियम, १९६५ लागू होतात. अपिलाला आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवस मिळतात. निलंबन लागू झाल्यापासून ९० दिवसांच्या आत फेरविचार होऊन मुदत वाढवली नाही, तर निलंबन पुढे टिकत नाही. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन्ही दिवसांभोवती लाल गोल करा. घाबरून गप्प बसण्यात हेच दिवस निघून जातात, हे पाहून फार वाईट वाटतं.

निलंबनातही घर चालवायला निर्वाह भत्ता मिळतो. मात्र ‘मी दुसरीकडे नोकरी-धंदा करत नाही’ असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते न मागताच द्या. पर्वरीला शिक्षण खात्यात काहीही दिलंत तरी आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी ‘बघतो, करतो’ पुढे कुठेच दाखवता येत नाही.

अनुदानित शाळेत असाल तर वाट वेगळी. तिथे गोवा शालेय शिक्षण कायदा, १९८४ पाहायचा.