सीमेपलीकडचा डोस काढताना या चुका टाळा

युरोपात अणुकेंद्रातून किरणोत्सारी कचरा हवेत, पाण्यात किंवा जमिनीत सोडायचा असेल, तर युराटम कराराच्या (युरोपीय देशांचा अणुऊर्जेविषयीचा करार) कलम 37 प्रमाणे त्याची माहिती आधी युरोपीय आयोगाला द्यावी लागते. या माहितीचा साचा आयोगाच्या 2010 च्या शिफारशीत आहे. त्यात एक सूट आहे आणि बहुतेक नवखे तिथेच घसरतात. केंद्राजवळच्या माणसाचा डोस, म्हणजे त्याच्या शरीराला मिळणारा किरणोत्सार, वर्षाला 10 मायक्रोसिव्हर्टच्या (डोस मोजायचं एकक) आत असेल, तर शेजारी देशांतल्या डोसचे आकडे द्यावे लागत नाहीत. एवढं वाचून फाइल बंद होते. पुढची अट कुणी वाचत नाही: अन्ननिर्यातीसारखा वेगळा मार्ग असेल तर ही सूट लागू नाही.

त्यामुळे अहवाल लिहिण्याआधी मासे, दूध, भाजी कुठे विकली जाते ते विचारा. नकाशा नंतर उघडला तरी चालतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: ‘समुद्र मोठा आहे, विरून जाईल.’ हे ऐकलं की ब्रिटनमधलं, आयरिश समुद्राकाठचं सेलाफील्ड अणुकेंद्र आठवतं. तिथे 1981 पासून मध्यम पातळीचा द्रव कचरा टाक्यांत साठवून ठेवला होता. 1994 मध्ये नवा प्रक्रिया प्लँट सुरू झाला. प्लुटोनियम, अमेरिसियम वेगळे काढण्याचं काम त्याने चोख केलं. पण टेक्नेशियम-99 हे किरणोत्सारी मूलद्रव्य पाण्यात परटेक्नेटेट या क्षाररूपात विरघळलेलंच राहतं. ते गाळात बसलं नाही, थेट आयरिश समुद्रात गेलं. 1995 मध्ये त्याचा विसर्ग 190 टेराबेक्वेरेलच्या आसपास पोहोचला (बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन; टेरा म्हणजे त्याच्या लाख कोटी पट). तिथून स्कॉटलंडला वळसा घालून उत्तर समुद्र, मग नॉर्वेचा किनारी प्रवाह असा त्याचा प्रवास झाला, आणि दोन-तीन वर्षांत नॉर्वेच्या शेवाळात आणि शेवंडांत त्याचे आकडे चढलेले दिसले. पाणी विरळ झालं होतं हे खरं, पण शेवंड टेक्नेशियम गोळा करतं. पाण्याच्या सरासरीवर भरवसा ठेवणाऱ्याला हे दिसत नाही.

आता हिशोब बघा. समजा शेवंडात किलोला 100 बेक्वेरेल टेक्नेशियम आहे आणि एक माणूस वर्षाला 20 किलो शेवंड खातो (भलताच शौकीन!). म्हणजे 2,000 बेक्वेरेल पोटात गेले. प्रौढाचा गुणक (पोटात गेलेल्या एका बेक्वेरेलमागे मिळणारा डोस) 0.00064 मायक्रोसिव्हर्ट, म्हणून डोस 1.3 मायक्रोसिव्हर्टच्या जवळपास. आकडा लहानच आहे, आणि तो लहान आहे हे स्पष्ट लिहावं. पण अहवालात ही ओळच नसेल तर शेजारी देशातला कोळी तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. टेक्नेशियम-99 चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) 2 लाख वर्षांहून जास्त, तेव्हा ‘थांबलो की कमी होईल’ हा उपायही नाही. शेवटी 2004 पासून सेलाफील्डमध्ये टेट्राफिनाइलफॉस्फोनियम ब्रोमाइड घालून ते गाळात बसवायला सुरुवात झाली. एक रसायन घालण्याचं काम, पण त्याला दहा वर्षं लागली.

म्हणून गणित खाणाऱ्यापासून सुरू करून उलटं, पाइपच्या तोंडापर्यंत न्यावं. घाईची माणसं पाइपपासून निघतात आणि सीमेवर दमून थांबतात.

बाकीच्या चुका लहान, पण रोजच्या. फक्त प्रौढाचा डोस काढू नका: आयोडीन-131 साठी वर्षाच्या बाळाचा गुणक प्रौढाच्या आठपट आहे, आणि दूध तेच पितं. वाळलेल्या शेवाळाचा आकडा ओल्या वजनाचा समजलात तर डोस चार-पाच पट फुगतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे ‘ओलं’ किंवा ‘सुकं’ लिहा. उपकरणाला सापडलं नाही म्हणून शून्य लिहू नका, तपासमर्यादा (उपकरण पकडू शकतं ते सर्वांत कमी प्रमाण) लिहा.

अहवालातल्या अपघाताच्या प्रकरणात वर्षाच्या सरासरी वाऱ्यावर काम भागवणं हा शुद्ध आळस. अपघात वर्षभर चालत नाही, काही तास-दिवस चालतो, आणि त्या वेळी पाऊस कुठे पडतो यावर सगळं ठरतं. 1986 मध्ये चेर्नोबिलचा ढग ब्रिटनवरून जाताना वेल्स आणि कंब्रियाच्या डोंगरांत पाऊस पडला, आणि तिथल्या काही मेंढ्यांवरचे निर्बंध 2012 पर्यंत उठले नाहीत. तासातासाच्या हवामानाचे वेगवेगळे क्रम चालवा, आणि त्यातला एक तरी शेजाऱ्याच्या कुरणावर पावसाचा असू द्या.

शेवटची चूक क्रमाची: परवाना आधी, माहिती नंतर. फ्रान्सचं कातनॉम केंद्र मोझेल नदीकाठी, लक्झेंबर्ग आणि जर्मनीच्या सीमेलगत आहे. त्याच्या विसर्गाचे परवाने 1986 मध्ये निघाले आणि माहिती आयोगाकडे त्यानंतर गेली. शेजारचं जर्मन राज्य सारलँड कोर्टात गेलं. 1988 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की माहिती अंतिम परवान्याच्या आधीच द्यावी लागते. आयोगाला मत देण्यासाठी सहा महिने असतात. तेवढे दिवस वेळापत्रकात पहिल्याच दिवशी धरा, आणि तोवर परवान्याचा मसुदा सहीसाठी कुणाच्या टेबलावर ठेवू नका.